कामगारांचे मानसिक स्वास्थ्य व मालकाचे दायित्व

कामगारांचे मानसिक स्वास्थ्य व मालकाचे दायित्व : कामाचे तास, कामाची गती, वेतनाची पद्धती, वरिष्ठांची वागणूक आणि नोकरीची अनिश्चितता यांमुळे कामगाराच्या मनावर पडणारा ताण त्याच्या आरोग्यास बाधक ठरू नये, यासाठी मालकावर कायद्याने, कराराने अथवा रूढीने येणारी जबाबदारी. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दप्रयोग भारतातील कामगारविषयक कायद्यांत फार उशिरा आला. त्यामागील आशय मात्र साप्ताहिक सुटी, मधली विश्रांती, पगाराचा ठरलेला दिवस आणि कामाच्या तासांची मर्यादा ह्या रूपांनी एकोणिसाव्या शतकापासून वावरत आहे. या दायित्वाचा विकास मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. त्याच्या मर्यादा पाहावयाच्या असतील, तर मात्र त्या गिरण्यांना कापूस पुरविणाऱ्या प्रदेशाकडे वळावे लागते. यवतमाळच्या दक्षिणेस अरुणावती नदीकाठी वसलेले आर्णी हे अशा प्रदेशातील तालुक्याचे गाव आहे. आर्णीच्या परिसरात मजुरीवर जगणाऱ्यांचे मुख्यतः चार वर्ग पडतात : वर्षाच्या बोलीवर राबणारा सालगडी, वजनावर कापूस वेचणाऱ्या स्त्रिया, बाजार समितीच्या आवारातील हमाल आणि सरकी काढून गासड्या बांधण्याच्या कारखान्यांत, म्हणजे जिनिंग-प्रेसिंगमध्ये, हंगामापुरते लागणारे कामगार. या चौघांचाही मालक कोण, हा प्रश्न कायद्याने निरनिराळ्या काळी निरनिराळ्या रीतीने सोडविला, किंवा सोडविण्याचे टाळले.

यूरोपात कारखानदारीच्या आरंभी मालकाचे दायित्व हे नीतीचे अंग मानले जाई. इंग्लंडमधील १८०२ चा पहिला कारखाना कायदा उमेदवार मुलांच्या ‘आरोग्य व नीती’साठी होता. रॉबर्ट ओएन याने स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील आपल्या गिरणीत कामाचे तास कमी केले व मुलांसाठी शाळा काढली, त्यामागे माणसाचा स्वभाव परिस्थितीने घडतो हा त्याचा सिद्धांत होता. श्रमाचा थकवा हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय झाला तो पहिल्या महायुद्धात. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यासाठी ब्रिटिश सरकारने १९१५ मध्ये समिती नेमली. तास कमी केल्याने उत्पादन त्या प्रमाणात घटत नाही, उलट काही ठिकाणी वाढते, असे तिच्या पाहणीत आढळले. १९१८ साली औद्योगिक थकव्याच्या संशोधनासाठी कायम मंडळ स्थापन झाले. अमेरिकेत हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी कामगारांचे परस्परसंबंध व त्यांना मिळणारी दखल यांचा कामावर परिणाम होतो, हा विचार रूढ केला. त्या प्रयोगांच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक याने मांडलेला सिद्धांत अधिक टिकला. कामाची मागणी मोठी आणि ते कसे करावे हे ठरविण्याची मुभा थोडी, असा संयोग जेथे असतो तेथे मनावरील ताण सर्वाधिक असतो, असे त्याचे प्रतिपादन आहे.

गिरणगावातील मागण्या : भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांपुरताच तो होता. सात वर्षांखालील मुलांना त्याने कामावर मज्जाव केला व सात ते बारा वयाच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ कामगारांना त्याने काहीच दिले नाही. लँकशरच्या गिरणीमालकांच्या दडपणाखाली हा कायदा झाला, अशी तक्रार मुंबईचे मालक करीत व तीत तथ्यही होते. परंतु कायद्याचा हेतू काहीही असला, तरी प्रौढ कामगारांच्या गरजा प्रथम कोणी मांडल्या हे पाहणे महत्त्वाचे आहे.

सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. मुंबई सरकारने त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनला सादर करावयाच्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. अर्जातील मागण्या अशा होत्या : दर रविवारी सुटी असावी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, गिरणी सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावी, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत वेतन व कायमचा अधू झालेल्यास निर्वाहाची सोय मिळावी. या यादीत वेतनवाढ नाही, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. मागितले आहे ते सर्व काळासंबंधी आहे : आठवड्यातील एक दिवस आपला, दिवसातील अर्धा तास आपला, संध्याकाळनंतरचा वेळ आपला आणि पगार केव्हा येईल याची खात्री. आजच्या परिभाषेत ज्यास विश्रांती, अंदाज बांधता येण्याजोगे वेळापत्रक व उत्पन्नाची शाश्वती म्हणतात, आणि मानसिक स्वास्थ्याच्या कोणत्याही आधुनिक मार्गदर्शिकेत ज्यांना अग्रस्थान असते, त्याच ह्या गोष्टी होत. कामगारांनी त्या मानसशास्त्राच्या आधाराने मागितल्या नव्हत्या. खंडोबाच्या वारी कुलाचार करता यावा व गावकीची, समाजाची कामे करण्यास मोकळा दिवस मिळावा, अशी साधी कारणे सुटीच्या मागणीमागे होती.

मागणी मान्य होण्यास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कायद्याने साप्ताहिक सुटी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचे बळ दिले आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा पडण्यास आणखी वीस वर्षे गेली. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत ती बारा तास ठरली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर १९२२ साली ती दिवसास अकरा व आठवड्यास साठ तास झाली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत दहा व चोपन्न तास ठरविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसवर आले आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने तीच मर्यादा कायम केली.

हंगामाची रेघ : वरील प्रगती बारमाही गिरण्यांची आहे. कापसाच्या प्रदेशातील कारखाना दिवाळीच्या सुमारास सुरू होतो व उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबतो. १८८१ च्या कायद्यातून वर्षाकाठी चार महिन्यांपेक्षा अधिक न चालणारे कारखाने वगळण्यात आले होते. सरकी काढण्याचे बहुतेक कारखाने त्यामुळे आपोआपच बाहेर राहिले. १८८४ च्या कमिशनपुढे खानदेशातील अशा कारखान्यांविषयी साक्षी झाल्या. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत काम चाले आणि कापसाची आवक वाढली म्हणजे दिवस-रात्र सलग राबणूक होई, असे त्यांवरून दिसते. काम करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. मुंबईच्या गिरण्यांतील स्थितीने अस्वस्थ झालेल्या निरीक्षकांनाही हे चित्र अधिक भीषण वाटले. वऱ्हाडातील स्थिती यापेक्षा निराळी असण्याचे कारण नव्हते. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात असले, तरी ते नावाने निजामाचेच असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे स्वतंत्र आज्ञेने लागू करावे लागत. तेथील मजुरापर्यंत कायदा पोहोचण्यास अशी एक पायरी जास्त होती.

चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांचा समावेश कायद्यात प्रथम १९११ मध्ये झाला. परंतु समावेश आणि समानता यांत अंतर होते. १९३४ च्या कायद्याने हंगामी कारखान्यांचा वेगळा वर्ग करून त्यांना दिवसास अकरा व आठवड्यास साठ तासांची सवलत दिली. १९४६ मध्येही बारमाहीस अठ्ठेचाळीस व हंगामीस पन्नास तास, असा भेद राहिला. हंगाम थोडा असतो, कापूस उघड्यावर पडून राहिल्यास भिजतो व आगीचे भय असते, ही मालकांची बाजू खोटी नव्हती. पण थोड्या दिवसांत फार काम उरकणे म्हणजेच मागणी मोठी व मुभा थोडी, आणि नेमका असाच ताण मनास सर्वांत अधिक बाधतो. १९४८ च्या अधिनियमाने तासांच्या बाबतीतील हा भेद काढून टाकला.

तो दुसऱ्या दाराने परत आला. कामगार राज्य विमा अधिनियमही १९४८ चाच. भारतातील कामगार कायद्यांत मानसिक आजाराची व्यवहारात दखल घेणारी जुनी व्यवस्था हीच होय. दीर्घ मुदतीच्या आजारांच्या तिच्या यादीत क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग यांच्या बरोबरीने छिन्नमानस, तीव्र अवसाद इ. मनोविकारांना स्थान मिळाले. अशा विमाधारक कामगारास नेहमीचा आजारपणाचा लाभ संपल्यावरही वाढीव लाभ मिळतो. आजार कामामुळे झाला हे सिद्ध करण्याची अट तीत नाही आणि हा तिचा मोठा गुण आहे. मालक व कामगार दोघांच्या वर्गणीतून चालणारी ही योजना म्हणजे मालकाच्या दायित्वाचे विम्यात झालेले रूपांतर होते. मात्र अधिनियमाने हंगामी कारखाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले व हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाची सरकी काढणे आणि कापसाच्या वा तागाच्या गासड्या बांधणे यांचा नावानिशी उल्लेख केला. नागपूरच्या गिरणीतील विणकऱ्यास मनोविकार जडल्यास त्यास वेतनाचा मोठा भाग मिळे. त्याच गिरणीसाठी सरकी काढणाऱ्यास काही मिळत नसे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने विम्याचे जुने कायदे आपल्यात सामावून घेतले, परंतु हंगामी कारखान्यांचा अपवाद व त्याची व्याख्या पुढे चालू ठेवली. १८८१ साली ओढलेली रेघ अशा प्रकारे आजही पुसली गेलेली नाही.

स्थैर्य आणि काम करण्याची मुभा : काही मालकांनी कायद्याच्या आधी पावले टाकली. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये हवा खेळती ठेवण्याची व आर्द्रतेची व्यवस्था होती. १८८६ मध्ये तेथे निवृत्तिवेतनाचा निधी स्थापण्यात आला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यात येऊ लागली. हिंदुस्थानात भरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली. नागपुरास मजूर टिकत नसत, म्हणून हे केले गेले असे कोणी म्हणेल. तसे असले तरी म्हातारपण व अपघात यांची चिंता कामगाराच्या मनावर असते आणि ती हलकी करणे मालकाच्या हिताचे असते, हे त्यांनी ओळखले होते. प्रसूतीच्या काळातील चिंतेची दखल मुंबई प्रांताने १९२९ च्या प्रसूतिलाभ कायद्याने घेतली. मध्य प्रांताने १९३० मध्ये त्याचे अनुकरण केले.

मुंबईत चिंतेचे मोठे कारण बदली पद्धती हे होते. रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहावयाचे व गैरहजर माणसाच्या जागी आपली वर्णी लागते की नाही याची वाट पाहावयाची, अशी ही पद्धत. वर्णी लावणे जॉबरच्या हाती असे, त्यामुळे लाच व मिंधेपणा आलाच. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीची असे. १९३५ मध्ये गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रण योजना आखून ठरावीक बदली कामगारांना ओळखपत्रे दिली. जॉबरची सत्ता तीमुळे एकदम संपली नाही, पण भरतीवर नोंदीचा अंकुश आला.

काम करण्याची मुभा या दुसऱ्या अंगाचा एक लक्षणीय प्रयोग १९५३ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील अहमदाबाद येथे झाला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांच्या खात्यात पाहणी केली. तेथे कामाचे तुकडे करून ते निरनिराळ्या कामगारांना वाटून दिलेले होते व कोणताच कामगार एका गटाचा नव्हता. राइस यांच्या सूचनेवरून ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी छोट्या गटांकडे देण्यात आली आणि गटाची मांडणी कामगारांनीच केली. काही चढउतारांनंतर उत्पादन व कापडाची प्रत दोन्ही सुधारली. मानसिक स्वास्थ्यासाठी पैसाच लागतो असे नाही, कामाची पुनर्मांडणीही पुरते, हे दाखविणारा हा प्रयोग जगभर अभ्यासला गेला. महाराष्ट्रातील कारखानदारांनी त्याचे फारसे अनुकरण केले नाही.

मुंबई राज्याने १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा करून त्यासाठी वैधानिक मंडळ स्थापिले. आज ते महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ म्हणून ओळखले जाते. त्याची कल्याण केंद्रे, ललित कला भवने व नाट्यस्पर्धा यांमुळे अनेक पिढ्यांतील कामगारांचा फुरसतीचा वेळ समृद्ध झाला. मात्र कामाच्या जागी निर्माण होणारा ताण फुरसतीत भरून काढावा, ही त्यामागील कल्पना अपुरी होती. फुरसत पुरविणे मंडळाचे काम आणि काम कसे असावे हे मालकाच्या मर्जीवर, अशी विभागणी तीतून रूढ झाली.

न्यायालये व अलीकडील कायदे : शरीरावरील आघात आणि मनावरील आघात यांची सीमारेषा न्यायालयांत प्रथम पुसट झाली. मुंबई पोर्ट ट्रस्टचा हृदयविकार असलेला एक पहारेकरी कामावर असताना छातीत दुखू लागून मरण पावला. १९५३ मध्ये मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठाने त्याच्या वारसाचा भरपाईचा हक्क मान्य केला. रोग आधीपासून असला तरी कामाच्या ताणाने मृत्यू ओढवण्यास किंवा लवकर येण्यास हातभार लावला असेल, तर मालक जबाबदार ठरतो, हे त्यातील तत्त्व. पुढील अनेक निकालांत त्याचा आधार घेतला गेला. परंतु ताणाचा परिणाम हृदयावर न होता मनावरच झाला असेल, तर काय, याचे उत्तर या तत्त्वातून मिळाले नाही. कारखाना अधिनियमाच्या व्यावसायिक रोगांच्या सूचीत शिसे, पारा, सिलिका यांमुळे होणारे रोग आले. मनोविकार आला नाही.

इंग्लंडमध्ये नॉर्दंबरलँड परगण्यातील एका समाजसेवा अधिकाऱ्याच्या दाव्यात १९९४ साली हे उत्तर दिले गेले. कामाच्या बोजामुळे तो एकदा कोलमडला. बरा होऊन परतल्यावर त्याला कबूल केलेली मदत मिळाली नाही व तो पुन्हा कोलमडला. पहिल्या खेपेची कल्पना मालकास येणे शक्य नव्हते, पण दुसऱ्या खेपेची होती, म्हणून दुसऱ्या आजाराची भरपाई मालकाने द्यावी, असे न्यायालयाने ठरविले. जपानात अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूस ‘कारोशी’ हा शब्दच रूढ झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका तरुण कर्मचाऱ्याच्या आत्महत्येबद्दल त्याच्या कंपनीस जबाबदार धरले. २०१४ मध्ये अशा मृत्यूंच्या प्रतिबंधासाठी तेथे कायदा झाला आणि पुढील वर्षापासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत वार्षिक ताण-तपासणी आवश्यक करण्यात आली.

भारतात दिवाणी दायित्वाचा हा मार्ग विकसित झाला नाही. परिणामी असे प्रकरण घडल्यास ते फौजदारी न्यायालयात आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपाच्या रूपाने जाते. औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील शिक्षण खात्याच्या एका कर्मचाऱ्याने २०१७ मध्ये आत्महत्या केली. वरिष्ठ फार काम देत व उशिरापर्यंत थांबवून घेत, अशी त्याच्या पत्नीची तक्रार होती. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द केला. केवळ कामाचा बोजा टाकण्यावरून वरिष्ठाचा गुन्हेगारी हेतू दिसत नाही, हे त्याचे कारण. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने ही भूमिका समजण्यासारखी आहे. अडचण अशी, की हेतू नसताना झालेल्या निष्काळजीपणास जाब विचारणारा दुसरा सोपा मार्ग मृताच्या कुटुंबास उरत नाही.

मनावरील आघात हे शब्द कामाच्या जागेसंबंधीच्या भारतीय कायद्यात ठळकपणे आले ते स्त्रियांच्या लढ्यातून. विशाखा निकाल (१९९७) व त्यानंतरचा कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा अधिनियम यांनी सुरक्षित वातावरण पुरविणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. भरपाई ठरविताना पीडितेस झालेला मानसिक आघात, वेदना व भावनिक क्लेश विचारात घ्यावेत, असे अधिनियमात स्पष्ट म्हटले आहे. ही भरपाई मात्र छळ करणाऱ्याकडून वसूल व्हावयाची असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या अधिनियमाने मानसिक आजाराचा दिव्यांगत्वात समावेश केला व प्रत्येक आस्थापनेस समान संधीचे धोरण जाहीर करणे आवश्यक केले. शासकीय आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही. याच अधिनियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणी निकाल दिला. मानसिक दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे त्यात म्हटले आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा उपचारांचा हक्क देतो आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरतो. त्याचा रोख मात्र शासनावर आहे, मालकावर नाही.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या १९८१ च्या संकेतात आरोग्याच्या व्याख्येत मानसिक घटकांचा समावेश झाला होता. सुरक्षित व निरोगी कामाचे वातावरण हे २०२२ मध्ये संघटनेने मूलभूत तत्त्वांत गणले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कामगारास ताण सोसण्यास शिकविण्यापूर्वी ताण देणारी कामाची रचना बदलावी, असा त्यांचा सूर आहे. भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने कारखाना अधिनियमाची जागा घेतली. धोक्यांपासून मुक्त कार्यस्थळ ठेवण्याचे कर्तव्य तिने मालकावर टाकले आहे. पण रोगांच्या सूचीत मनोविकार तिनेही घेतलेला नाही.

पांढरपेशा नोकऱ्यांतील ताणाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले गेले ते २०२४ मध्ये. पुण्यातील एका मोठ्या लेखापरीक्षण संस्थेत नोकरीस लागून काही महिनेच झालेल्या एका तरुण सनदी लेखापाल स्त्रीचा मृत्यू झाला. कामाच्या बोजास जबाबदार धरणारे तिच्या आईचे पत्र प्रसिद्ध झाले व राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने आपण होऊन दखल घेतली. त्यानंतर एकच वर्षाने, सप्टेंबर २०२५ मध्ये, राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तास व दुकाने आणि आस्थापनांत नऊवरून दहा तास करण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम राहतील असे शासनाने सांगितले. १८८४ च्या अर्जदारांनी मात्र आठवड्याच्या सुटीबरोबर दिवसाचा शेवटही मागितला होता.

कापसाच्या प्रदेशातील मालक : आर्णीच्या चार वर्गांपैकी हमालाच्या बाबतीत महाराष्ट्राने मालकाच्या प्रश्नाला स्वतःचे उत्तर शोधले. हमाल एका व्यापाऱ्याचा नसतो. दिवसाकाठी तो अनेकांची पोती उचलतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून झालेल्या १९६९ च्या माथाडी अधिनियमाने मालकांकडून वेतन व त्यावरील आकार मंडळाने जमा करावा आणि पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा इ. मंडळानेच पुरवावे, अशी रचना केली. मालक अनेक असले तरी दायित्व एकत्र करता येते, हे या अधिनियमाने सिद्ध केले. मंडळाची नोंदणी जेथे पोहोचली आहे, तेथे हमालास पगाराचा दिवस असतो.

सालगड्याचा मालक एकच व ओळखीचा असतो. गुढीपाडव्याला साल ठरते. रोख रक्कम किती, धान्य किती, उचल किती हे तोंडी ठरते आणि पुढच्या पाडव्यापर्यंत गडी त्या शेताशी बांधला जातो. घेतलेली उचल फिटली नाही तर पुढच्या सालीही तेच घर धरावे लागते. साप्ताहिक सुटी नाही. पोळा व त्याच्या दुसऱ्या दिवशीची कर हे हक्काचे दिवस. पोळ्याच्या संध्याकाळी गड्याला बोजारा देण्याची, नवे कपडे करण्याची रीत आहे आणि आजारपणात, लग्नकार्यात मालकाने मदत करावी अशी अपेक्षा असते. रूढीने येणारे दायित्व म्हणतात ते हेच. मालक सुस्थितीत असे तोपर्यंत त्यात आधार होता. पण आता मालकही बहुधा कर्जात बुडालेला कोरडवाहू शेतकरी असतो आणि यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले आहे. ज्याच्या स्वतःच्याच मनाला थारा नाही, त्याने गड्याच्या मनाची जबाबदारी घ्यावी असे कायदा म्हणू लागला, तरी ते निभावणे कठीण आहे. कायदा तसे म्हणतही नाही : २०२० ची संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांस लागू होते.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कीटकनाशक नियम, १९७१ यांत संरक्षक कपड्यांची तरतूद होती. शेतापर्यंत ती पोहोचली नव्हती. शासनाने विशेष तपास पथक नेमले. चर्चा झाली ती मृत्यूंची. जे वाचले त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या तीव्र विषबाधेनंतर काही रुग्णांत निद्रानाश, स्मरणातील दोष, चिडचिड व अवसाद ही लक्षणे दीर्घकाळ राहू शकतात. अशा मजुराचा मालक रोजाने बोलावणारा शेजारचाच शेतकरी असतो.

मालकाची ही उणीव शासनाने व स्वयंसेवी संस्थांनी काही अंशी भरून काढली आहे. २०१५ मध्ये यवतमाळ व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान आणि यवतमाळसह चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन ताणाखालील माणसे हेरतात व त्यांना समुपदेशन आणि औषधोपचार मिळवून देतात. विश्राम या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गावातीलच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले. अवसादग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. या योजना शेतकरी कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या असल्या, तरी गावातील सालगडी व वेचणीच्या स्त्रिया यांच्यापर्यंतही त्या पोहोचू शकतात. घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्तीस स्वतःला मात्र कर्मचारी म्हणून नव्हे, तर स्वयंसेविका म्हणून मानधन मिळते.